सोळा आणे पुलगाव

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव सोडते, तळणी मागं पडतं आणि चाकांचा आवाज एकदम बदलतो. खाली वर्धा नदी असते. पूल संपला की पुलगाव. बहुतेक प्रवासी इथं घड्याळ बघतात आणि "वर्धा आलंच" म्हणत बॅगा सावरायला लागतात. उतरतात ते इथलेच, नाहीतर कॅम्पातले फौजी.

ना प्रसिद्ध देवस्थान, ना थंड हवा, ना किल्ला. मग वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातल्या या गावात पाहण्यासारखं आहे तरी काय? पुलगाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख धरला तर निदान सोळा गोष्टी निघतात. आणा-आणा करत मोजू.

१. गाव आलं पुलामागून

आधी गाव असतं, मग त्याला पूल मिळतो. इथं उलटं झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७मध्ये नागपूरला पोचली. वाटेत वर्धा नदी आडवी होती, म्हणून पूल बांधावा लागला. त्या पुलाच्या आणि स्टेशनच्या आधारानं वस्ती वाढली, व्यापारी आले, कापसाच्या जिनांची धुरांडी उभी राहिली. नावही पुलाचंच पडलं. शेजारचं नाचणगाव आधीपासूनचं. रेल्वे मात्र नव्या गावाच्या दारातून गेली, आणि जुनं नाचणगाव 'पुलगावजवळचं' झालं.

२. जिल्ह्याचा संसार आधी कवठ्यात

वर्धा जिल्हा १८६२मध्ये नागपुरातून वेगळा काढला, तेव्हा वर्धा नावाचं शहर नव्हतंच. जिल्ह्याचं ठाणं बसलं पुलगावजवळच्या कवठ्याला. साहेब, कारकून, दप्तर, सगळा बारदाना तिथं. १८६६मध्ये तो पालकवाडी नावाच्या खेड्यात हलवला आणि तिथं आखून-मापून नवं शहर वसवलं. तेच आजचं वर्धा. कवठ्याच्या वाट्याला उरलं ते पुलगाव आणि वर्ध्याच्या मधलं एक लहानसं स्टेशन. वर्धेकर पुलगावला 'आमच्या जिल्ह्यातलं गाव' म्हणतात, तेव्हा पुलगावकरांनी हसून एवढंच विचारावं : "जिल्हा आधी कुठं होता हो?"

३. नागपूरचा जन्मदाखला देवळीत

तालुक्याचं गाव देवळी. तिथं एक ताम्रपट सापडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८६२चा, म्हणजे इसवी सन ९४०चा. राजानं आपला भाऊ जगत्तुंग याच्या नावानं एक गाव दान दिलं, त्याचा हा दस्तऐवज. ते गाव कोणत्या मुलखात आहे, हे सांगताना लिहिणाऱ्यानं शब्द घातले 'नागपूर-नंदिवर्धन'. नागपूर या नावाचा आजवर मिळालेला सर्वांत जुना लेखी उल्लेख तो हाच.

म्हणजे उपराजधानीच्या नावाचा पुरावा उपराजधानीत नाही, पुलगावच्या तालुक्यात निघाला. सातबारा एका गावचा आणि तलाठी दुसऱ्या गावचा, असला हा प्रकार!

४. वॉटर्लूच्या आधी वर्धा

नेपोलियनला १८१५मध्ये वॉटर्लूला ज्यानं हरवलं, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या बारा वर्षं आधी तो नुसता जनरल वेलस्ली होता आणि वऱ्हाडात लढत होता. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. तहात ठरलं की वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडायचा. तो गेला निजामाकडे.

म्हणजे आज जिथं पूल आहे, तिथं त्यानंतरची पन्नास वर्षं अलीकडे भोसले आणि पलीकडे निजाम. पुढं १८५३-५४च्या सुमारास दोन्ही काठ इंग्रजांच्या ताब्यात गेले, तरी अलीकडे मध्य प्रांत आणि पलीकडे वऱ्हाड हा भेद उरलाच. १९०३पासून दोघांचा कारभार एकत्र झाला. नदी आजही सीमाच आहे. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा.

५. घर न सोडता चार राज्यं

पुलगावात १९४०च्या सुमाराला जन्मलेल्या आजोबांना विचारा, "किती राज्यांत राहिलात?" घर एकच असलं तरी उत्तर चार येईल. जन्म मध्य प्रांत व वऱ्हाडात. १९५०मध्ये त्याचं नाव झालं मध्य प्रदेश, आणि त्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला द्वैभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६०ला महाराष्ट्र. राजधानी अडीच तासांवर होती ती रात्रभराच्या प्रवासावर गेली. पत्ता मात्र तोच : मुक्काम पोस्ट पुलगाव.

६. युद्ध अमेरिकेत, पैसा वऱ्हाडात

१८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडकला आणि लँकशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. साहेबाला मग विदर्भाची काळी माती आठवली. हिंगणघाटचा 'बनी' जातीचा कापूस धाग्याला चांगला म्हणून मुंबईच्या बाजारात 'हिंगणघाट' या नावानंच ओळखला जायचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारनं खास कापूस कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कारनॅक. हा गृहस्थ कापूस बघता बघता नागपूरजवळच्या जुनापाणीची महापाषाणयुगीन शिळावर्तुळंही उकरून आला.

मुंबई-नागपूर लोहमार्गाची घाई समजून घ्यायची तर हा कापूस ध्यानात ठेवावा लागतो. प्रवाशांची सोय नंतरची. साहेबाला आधी गाठी बंदराला न्यायच्या होत्या.

७. एका गाठीचं गणित

शहरात आपण सगळ्याला कापूसच म्हणतो. इथं तसं चालत नाही. शेतातलं झाड ती पऱ्हाटी. बोंडातून वेचलेला, सरकीसकट असतो तो कापूस. जिनात सरकी निघाली की उरते ती रुई. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकी बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीमागं पाच क्विंटलांच्या आसपास कापूस. तो सगळा माणसांनी, त्यातही बहुतेक बायकांनी, एकेक बोंड चिमटीत धरून वेचलेला.

वेचणी पाहायचीच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वावरात जावं. कमरेला ओटी बांधलेली, डोक्यावर रुमाल, दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर चाललेले. दव उडाल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण ओला कापूस पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. वाळलेल्या पानाचा चुरा रुईला चिकटू नये म्हणून बोटं अशी फिरतात की पाकळी तिथंच राहते आणि कापूस अलगद हातात येतो. मजुरी किलोवर. दिवस बुडता बुडता वावरातच तराजू लागतो आणि प्रत्येकीची नजर काट्यावर असते.

पहिल्या वेचणीच्या आधी 'सीतादही' करायची रीत. पऱ्हाटीला हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य आणि मग पहिलं बोंड. सगळ्या वेचण्या झाल्यावर पुन्हा पाणी देऊन उशिरा घेतात ते पीक म्हणजे फरदड. गुलाबी बोंडअळीला तिथं ऐता मुक्काम मिळतो, म्हणून कृषी खातं 'फरदड घेऊ नका' असं ओरडून सांगतं. भाव बरा असला की शेतकऱ्याचा जीव काही तिच्यातून निघत नाही. शेवटी उरलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात. वाया काही नाही.

८. शकुंतला नावाची आगगाडी

पुलगावची सगळ्यांत लाडकी गोष्ट हीच. पुलगाव ते आर्वी, २२ मैल म्हणजे साधारण ३५ किलोमीटर, अरुंद रुळांची गाडी. १९१७मध्ये सुरू झाली. मोठ्या लाईनीचे रूळ एकमेकांपासून १,६७६ मिलिमीटरवर, हिचे ७६२ मिलिमीटरवर. साडेपाच फुटांसमोर अडीच फूट! आर्वीच्या बाजूचा कापूस पुलगावला आणायचा, तिथं मोठ्या गाडीत चढवायचा आणि मुंबईला रवाना करायचा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मालकी होती सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. कारभार बघायची मुंबईची किलिक निक्सन. याच कंपनीच्या मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या आणखी दोन लाईनी. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण या लाईनी खासगीच राहिल्या. 'अजून इंग्रजांना भाडं जातं' ही बातमी दर काही वर्षांनी फिरते. ऐकायला झणझणीत आहे खरी. पण किलिक निक्सन पुढं भारतीय उद्योजकांच्याच हाती आली होती.

आणखी एक गंमत. यवतमाळच्या लाईनीवरचं वाफेचं इंजिन १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेलं. १९२३पासून ते धावलं, आणि १५ एप्रिल १९९४ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. इथला कापूस मँचेस्टरला आणि तिथलं इंजिन इथं, असा हा सौदा. धंदा त्यांचा होता, पण गाडीला 'शकुंतला' हे माहेरवाशिणीसारखं नाव दिलं ते इथल्या माणसांनी. कंपनीच्या कागदांत असलं नाव शोधून सापडायचं नाही.

पुलगाव-आर्वी गाडी बंद पडून बरीच वर्षं लोटली. 'ती मोठ्या रुळांवर आणा' ही मागणी मात्र अजून धावते आहे. दरम्यान ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तोही याच जिल्ह्यातून जातो. मोटारींना तिथं ताशी १२० किलोमीटरची मुभा. शकुंतलेच्या पाहुण्यांना एवढी घाई कधीच नव्हती.

९. भोंगा हेच घड्याळ

शेजारी कापूस आणि दारात रेल्वे, मग गिरणी तर यायचीच. एकोणिसावं शतक संपायच्या आत पुलगावला सूत काढणारी आणि कापड विणणारी गिरणी उभी राहिली. जिल्ह्यात हिंगणघाट आणि पुलगाव ही गिरण्यांची दोन गावं. गिरणी आली की गावाचा दिनक्रम तिच्या भोंग्यावर बेतला जातो. पाळी, डबा, शाळा, नळ, सगळं. पुढं देशभरातल्या जुन्या गिरण्यांचं जे झालं तेच इथंही झालं, भोंगा थांबला. कापूस मात्र पिकतच राहिला. फक्त तो रुई होऊन दुसऱ्याच्या गिरणीत जायला लागला.

१०. देशाची दारू इथल्या कोठारात

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुलगावच्या माळावर लष्करानं ठाण मांडलं. आजचं केंद्रीय दारूगोळा भांडार ते हेच. देशातलं सर्वांत मोठं, सुमारे ७,००० एकरांवर पसरलेलं. कारखान्यांत तयार झालेला दारूगोळा इथं येतो आणि इथून देशभरातल्या छोट्या भांडारांकडे जातो. जागेची निवड नकाशा पाहिला की कळते. चारही बाजूंच्या सरहद्दी लांब आणि मोठी रेल्वे दाराशी.

गावाच्या बोलीत हा सगळा भाग म्हणजे 'कॅम्प'. पंजाबी, मल्याळी, गढवाली, बंगाली बोलणं इथल्या बाजारात नवलाचं नाही, ते या कॅम्पामुळं.

या गमतीत एक गोष्ट गमतीची नाही. ३१ मे २०१६च्या पहाटे भांडारात आग लागली. ती विझवताना दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांना रात्रीतून घरं सोडावी लागली. नोव्हेंबर २०१८मध्ये निकामी दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि त्यातही माणसं दगावली. पुलगावात 'कॅम्प' हा शब्द अभिमानानं उच्चारला जातो, आणि जरा जपूनही.

११. पळणारा बैल : गवळाऊ

बैल म्हणजे संथ, असं वाटत असेल तर गवळाऊ बघायचा राहिला आहे. पांढरा किंवा राखी रंग, लांबट तोंड, अंगानं हलका आणि चालीला चपळ. वर्धा, नागपूर आणि लगतच्या मध्य प्रदेशातला हा मूळचा गोवंश. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी झपाट्यानं नेण्यासाठी या बैलांची ख्याती होती, असं जाणकार सांगतात. जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं पैदास केंद्रही आहे.

चपळ बैल आणि रिकामं वावर एकत्र आलं की शंकरपट आलाच. घाटावर जी बैलगाडा शर्यत, तो विदर्भातला पट. नदीपलीकडे धामणगाव तालुक्यातलं तळेगाव दशासर पटासाठी नावाजलेलं. ७ मे २०१४च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत पटाच्या बैलाला कामच उरलं नव्हतं, आणि बिनकामाचा बैल पोसणं कुणाला परवडत नाही.

१२. पोळा संपला की पुन्हा पोळा

श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. तूप-हळदीनं बैलाचे खांदे शेकायचे आणि त्याला जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, मग तोरणाखाली रांग. तिथं सुरू होतात झडत्या. सावकारापासून सरकारपर्यंत कुणालाही न सोडणारे, ठसक्यात म्हटलेले खडे बोल. वर्षभराचा हिशेब तेवढ्यात चुकता.

इतरत्र सण इथं संपतो. नागपूर-वर्ध्याकडे दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल, त्याला चाकं, दोरी लहान हातांत आणि घरोघर जाऊन बोजारा मागायचा. ही चाल भोसल्यांनी नागपुरात सुरू केली असं सांगतात. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा तर लांबून बघायला येण्यासारखा. तिथले काही लाकडी नंदी माणसाहून उंच, आणि त्यांना ओढायला पोराचं अख्खं खानदान लागतं.

१३. नदीला सासर-माहेर ठाऊक

वर्धा नदी निघते मध्य प्रदेशात, मुलताईच्या पठारावर. पुढं वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीला मिळते. वाटेत तिनं विदर्भाच्या दोन राजकन्या सांभाळल्या आहेत. काठावरचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून पंढरपूरला पालखी जाते आणि तिची परंपरा चारशे वर्षांहून जुनी मानतात. माहेरचं माणूस वर्षातून एकदा भेटायला जातं, असा त्यामागचा भाव. दुसरी दमयंती. मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण झालं, त्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. त्याच्या खाली, पुलगावच्या वरच्या अंगाला निम्न वर्धा प्रकल्प. त्याचं नाव बगाजी सागर.

१४. गांधीजींची पत्रं गजानन महाराजांच्या गावी

१९३६मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. पंचाईत अशी की याच लोहमार्गावर बुलढाण्यातही एक शेगाव, गजानन महाराजांचं. टपाल इकडचं तिकडे जायला लागलं. अखेर १९४०मध्ये गांधीजींच्या शेगावचं नाव सेवाग्राम केलं. जगभर गाजलेलं हे नाव जन्मलं ते पोस्टमनची दगदग वाचवायला. पुलगाव या दोन शेगावांच्या मधलं स्टेशन. अशी किती चुकीची पत्रं आपल्या पुलावरून दोनदा गेली असतील!

१५. ताटातला जिल्हा

वर्ध्याला गेलेला पाहुणा रिकाम्या हातानं परतत नाही, गोरसपाक घेऊन येतो. गाईच्या तुपातलं हे खुसखुशीत, बिस्किटासारखं पक्वान्न. गोसेवेच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या गोरस भांडारानं ते घरोघर पोचवलं. चळवळीतून खादी निघाली हे सगळ्यांना माहीत आहे, बिस्किट निघालं हे फक्त वर्धेकरांना.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि वावरात पंगत बसली की रोडगे. कणकेचे जाड गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तुपाची धार, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. याला ताटापेक्षा पत्रावळ बरी, आणि खुर्चीपेक्षा निंबाची सावली.

१६. मतदारसंघ गेला, दबदबा राहिला

२००८च्या फेररचनेपर्यंत विधानसभेत 'पुलगाव' नावाचा मतदारसंघ होता, तो आता 'देवळी' झाला. पुलगावातून अनेकदा निवडून आल्या त्या प्रभा राव. १९७९मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. त्याच वर्षी त्यांच्यानंतर ती खुर्ची मिळाली प्रतिभा पाटील यांना. पुढं दोघीही राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. त्यातल्या एक नंतर राष्ट्रपती भवनात पोचल्या. प्रभा राव राज्यपालपदावर असतानाच एप्रिल २०१०मध्ये गेल्या.

वरकड आणा : एक दिवस पुलगावचा

सोळा आणे झाले. आता थोडा हिशेब. पूल साहेबाला हवा होता, शकुंतला कंपनीला, गिरणी भांडवलवाल्यांना आणि कोठार युद्धाला. पुलगावला जे आलं ते दुसऱ्याच्या गरजेनं आलं. गावानं त्यातलं बरंच आपलंसं केलं. कुणाला नाव दिलं, कुणाच्या भोंग्यावर संसार लावला, कुणासाठी आपली माणसं दिली. जे कुणी आणलं नव्हतं, म्हणजे गवळाऊ, झडत्या, सीतादही, रोडगे, ते तर मुळातच इथलं.

हे सगळं पाहुण्यांना दाखवायचं कसं? फ्रान्समध्ये १९८४पासून दर सप्टेंबरात वारसा दिवस पाळतात. मोठ्या राजवाड्यांची दारं उघडतात, आणि चारशे उंबऱ्यांच्या शेतीगावातही कुणीतरी जुनी चक्की, सार्वजनिक भट्टी, गावची विहीर दाखवायला उभं राहतं. तिकीट नाही, भाषण नाही, गावचं माणूस सांगतं आणि पाहुणा ऐकतो. १९९१पासून हा उपक्रम युरोपभर पसरला.

पुलगावला हे सहज जमण्यासारखं आहे. दिवस पोळ्याचा धरावा. नदी भरलेली असते आणि पऱ्हाटी फुलावर आलेली असते. सकाळी स्टेशनवर जमायचं, एखाद्या निवृत्त रेल्वेवाल्यानं शकुंतलेची हकिकत सांगायची. मग गिरणीवरून चक्कर, तिथं जुन्या कामगाराला बोलतं करायचं. पुढं कवठा, देवळी. दुपारी वावरात रोडगे. कॅम्पाकडे कॅमेरा रोखायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं. संध्याकाळी तोरणाखाली झडत्या.

नगरपालिकेला खर्च फक्त फलकांचा. तोरणाखाली गवळाऊ बैल मिळाले तर उत्तम. वेळापत्रक छापताना मात्र 'सुरुवात सकाळी आठ वाजता' असं लिहा आणि माणसांना नऊला बोलवा. शकुंतलेच्या गावाला तेवढी सूट हवीच.